सरकारी जागेवर बदकांसाठी तळं: माळकरी घरातल्या माणसाने हात लावावा का?

बर्फाळ_बंडू | १९ फेब्रुवारी २०२२

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मिनेसोटात राहतो. बाहेर सध्या उणे बावीस आहे. माझं पोट स्टॉर्मवॉटरवर चालतं, म्हणजे शहरात पडलेलं पावसाचं पाणी लवकरात लवकर कुठे घालवायचं याची ड्रॉइंगं काढणे. शेजारी एक सत्तरीचा म्हातारा आहे, पक्का बदकशिकारी. त्याचं दहा-बारा जणांचं टोळकं आहे. गावाबाहेर काउंटीची (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) चाळीस एकर जमीन पडून आहे. मूळ मालकाने कर थकवला, म्हणून काउंटीच्या ताब्यात आली. तिच्या मधोमध साधारण सहा एकरांचा खोलगट भाग आहे. या मंडळींना तिथे बदकांसाठी तळं करायचंय. काउंटी म्हणते, आराखडा आणा, मग बोलू. जमीन सार्वजनिकच राहणार. म्हणजे तळं झाल्यावर तिथे कोणीही येऊन पक्षी बघू शकेल आणि मोसमात लायसन्स असलेला कोणीही शिकार करू शकेल.

म्हातारा परवा ड्राइव्हवेवर बर्फ काढता काढता म्हणाला, "तुला बंदूक धरायची नसेल तर लेव्हल धर." (लेव्हल म्हणजे जमिनीचे उंचसखल मोजायचं यंत्र.)

आता अडचण अशी. आमचं घर माळकरी. आजीने पंचावन्न वर्षं वारी केली. मी स्वतः फार धार्मिक नाही, पण घरात अंडंसुद्धा येत नाही. तर दोन प्रश्न:

१. अशा तळ्याची खोली किती ठेवतात? मी आजवर केलेली तळी आठ-दहा फूट खोल, कडा सरळ, बाजूला कुंपण.
२. हात लावावा का?

---

चिमटा | १९ फेब्रुवारी २०२२

पहिला प्रश्न स्थापत्यशास्त्राचा, दुसरा धर्मशास्त्राचा. धाग्याचं शतक नक्की. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

अवनी_२३ | १९ फेब्रुवारी २०२२

यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. पाहुण्याला पंगतीला बोलवायचं, पाट मांडायचा, रांगोळी काढायची आणि तो बसला की मागून गोळी घालायची. तळं बांधणारा पाट मांडणाराच ना? तुमच्या आजी काय म्हणाल्या असत्या ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर इथे विचारताय.

---

गोठलेला_मावळा | २० फेब्रुवारी २०२२

बंडूशेठ, मी तुमच्या शेजारच्या राज्यात, साउथ डाकोटात. एकोणीस वर्षं झाली. आणि हो, मी शिकार करतो. आता दगड मारायचे ते मारून घ्या.

आधी खोली. तुमची आठ-दहा फुटांची सवय दारातल्या बर्फात पुरून या. मॅलार्ड, पिनटेल (आपलं तलवार बदक), टील ही सगळी बुडी मारणारी बदकं नव्हेत. शेपूट वर करून, डोकं खाली घालून चरतात. मान पोचेल तेवढंच त्यांचं ताट. म्हणजे पाणी वीतभर ते हातभर. बस्स. थोडा भाग तीन-चार फुटांचा ठेवा, नाहीतर पाच-सात वर्षांत पाणकणीस सगळं तळं गिळतं. इथलं संकरित पाणकणीस फार माजोरी आहे. निम्मं उघडं पाणी आणि निम्मी उभी वनस्पती, तीसुद्धा ठिगळाठिगळांनी, एका बाजूला सलग नाही, अशी रचना सर्वात चांगली मानतात.

कडा किती उताराच्या? चालत जाताना कळूही नये की आपण पाण्यात उतरलो, इतक्या. दहा फूट गेल्यावर एक फूट खाली, किंवा त्याहूनही सपाट.

मासे सोडू नका. टोळक्यातला कोणीतरी हौशी म्हणेलच, "चार पर्च सोडूया." पिल्लं पहिले काही आठवडे जवळजवळ फक्त किडे खातात, अंडी घालायच्या आधी मादीही तेच खाते. मासे ते किडे संपवतात. उथळ तळं थंडीत तळापर्यंत गोठलं की मासे आपसूक मरतात. इथल्या थंडीचा तेवढा एक उपयोग.

आता अवनीताई. तुमची पंगतीची उपमा झकास आहे, पण पंगतीचा खर्च कोण करतं तेही बघा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला दरवर्षी डक स्टॅम्प, म्हणजे सरकारी तिकीट, घ्यावा लागतो. १९३४ साली सुरू झाला तेव्हा एक डॉलरचा होता, आता पंचवीसचा आहे. त्यातल्या डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घ्यायला जातात. पहिल्या स्टॅम्पवरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं, तो तेव्हा सरकारी वन्यजीव खात्याचा प्रमुख होता. या पैशांतून साठ लाख एकरांच्या आसपास जागा वाचली. मी सकाळी कामाला जाताना ज्या पाणथळीवरून जातो तिथे फलक आहे, वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया. मराठीत बदकनिर्मिती क्षेत्र. हसू नका, काम खरंच तेच आहे.

---

चिमटा | २० फेब्रुवारी २०२२

बदकनिर्मिती क्षेत्र!!! एमआयडीसीत प्लॉट मिळेल का?

---

टिकाव_फावडं | २० फेब्रुवारी २०२२

मी जलसंधारणातून निवृत्त. नगर, बीड, उस्मानाबाद या भागांत आयुष्य गेलं.

बंडू, खणण्याआधी एकच काम कर. तो भाग खोलगट आहे म्हणतोस, मग तिथे आज पाणी का साठत नाही? माती चिकण असेल तर साठायला हवं. मुरमाड असेल तर तू दहा फूट खण नाहीतर वीस, पाणी राहणार नाही. आमच्याकडे पाझर तलाव मुद्दाम तशा जागी घेतात, कारण पाणी मुरावं हाच हेतू. तुला उलट हवंय. चाचणी खड्डे घे, चार तरी, आणि मातीचा लाडू वळतो का बघ. लॅबचा अहवाल नंतर. ओली माती हातात दाबून सुपारीएवढी गोळी केली आणि ती फुटली नाही की माझं अर्धं काम होत असे.

आणि अवनीताईंना सांगायचं म्हणजे, बदकं तळं कोणी कशासाठी बांधलं ते विचारत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शेकड्यांनी पाझर तलाव खोदले. माणसं जगवायला, लोकांच्या हाताला काम म्हणून. माझी आई खडी फोडायला होती, संध्याकाळी सुकडी मिळायची. त्याच तलावांवर आज हिवाळ्यात थापटे आणि चक्रवाक उतरतात. योगायोग बघा, शिकारीला लगाम घालणारा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच.

---

मास्तरीण | २० फेब्रुवारी २०२२

टिकावकाका, सुकडी म्हटल्यावर मिलो आठवला. लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. आमच्याकडे तिची भाकरी थापली की कडेने तडकायची. आजी म्हणायची, ही ज्वारी नाही, शिक्षा आहे.

---

गोठलेला_मावळा | २१ फेब्रुवारी २०२२

मास्तरीणबाई, सांगू की नको अशा विचारात होतो. मिलो इथे अजून पिकतो. आणि खाली कॅन्सस-मिसुरीकडे तळ्याच्या कडेला बदकांसाठी मुद्दाम पेरतात. कणसं भरली की उभ्या पिकात पाणी सोडतात, मग बदकं येऊन खातात.

---

मास्तरीण | २१ फेब्रुवारी २०२२

म्हणजे आम्ही बदकांचं खाल्लं.

---

चिमटा | २१ फेब्रुवारी २०२२

तरी म्हटलं, मागच्या पिढीला पोहायला इतकं चांगलं कसं येतं!

---

दुर्बीण | २१ फेब्रुवारी २०२२

नाशिककर आहे, दर हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला पडीक असतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खटकेल असं लिहितोय.

बंडूभाऊंचा प्रश्न अमेरिकेचा वाटतो, पण याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. भरतपूर. केवलादेव हे काही नैसर्गिक सरोवर नव्हे. मुळात खोलगट भाग, त्यात अजान बांधाचं पाणी आणून, बांध घालून, झडपा बसवून संस्थानिकांनी ती पाणथळ बनवली. कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. व्हाइसरॉय यायचे, पाहुणे यायचे, किती पक्षी पडले ते दगडावर कोरून ठेवायचे. तो दगड अजून तिथे आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो आले तेव्हाचा आकडा ४,२७३. एका दिवसाचा. मी त्या दगडासमोर उभा होतो आणि मागे चक्रांग बदकांचा थवा उतरत होता. काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. तळं त्यांनीच केलं आणि मारलेही त्यांनीच. १९८५ मध्ये ते जागतिक वारसा झालं, तेही त्याच तळ्यामुळे.

पण मावळेदादा, "शिकारी पैसे देतात म्हणून पक्षी वाचतात" हे वाक्य मला पूर्ण पचत नाही. मिनेसोटाचंच घ्या. २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर तीन अष्टमांश टक्क्याने वाढवून घेतला, तोही पंचवीस वर्षांसाठी. त्यातला एक तृतीयांश पाणथळी, गवताळ माळ, जंगलं यांना जातो. तो कर दुधाची बाटली ठेवायचा फ्रीज घेणाराही भरतो. म्हणजे बंडूभाऊ, तुम्ही कधीचेच या धंद्यात आहात.

---

बर्फाळ_बंडू | २१ फेब्रुवारी २०२२

अरेच्चा. म्हणजे आजीच्या माळेला मी २००८ पासूनच बट्टा लावतोय.

टिकावकाका, पाणी का साठत नाही हा प्रश्न मला पडायलाच हवा होता. धंदा पाणी घालवायचा ना. म्हाताऱ्याला विचारतो.

---

अवनी_२३ | २२ फेब्रुवारी २०२२

भरतपूरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बंदूक बंद झाली आणि पक्षी राहिले. म्हणजे तळं पुरेसं आहे, बंदूक लागत नाही.

---

झाडीपट्टी | २२ फेब्रुवारी २०२२

अवनीताई, पुढचं पण ऐका. भरतपूरला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं अन् म्हशी चारायला बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या चारत होते लोक. तंटा झाला, पोलिसांनी गोळीबार केला, गावची माणसं मेली. अन् म्हशी गेल्या त झालं काय? पाण्यातलं गवत इतकं माजलं की उघडं पाणीच उरलं नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांनी कितीक वर्षं अभ्यास करून सांगितलं की म्हैस गवत खात होती म्हणून बदकाले जागा भेटत होती.

मी गोंदियाचा. आमच्याकडे मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधला, अठराव्या शतकात. कोहळी लोकांचं कामच ते, तलाव बांधा, धान पिकवा, ऊस पिकवा. मासोळी ढिवरांची (मासेमार लोक), पाणी धानाचं, काठावरचं गवत ढोराचं. पाखरू कोणाच्या वाट्यात नव्हतं, पण येत होतं. मग तलाव सरकारजमा झाले, वाटे मोडले, गाळ भरला, बेशरमीचं तण वाढलं. आता अर्जुनी मोरगावकडे ढिवर बाया एकत्र येऊन बेशरमी उपटतात, पाण्यात देशी वनस्पती लावतात. मासोळीसाठीच लावतात. पण त्याच तलावावर पाखरं परत दिसू लागली.

म्हणून बंडूभाऊ, कोणाचा तरी स्वार्थ पाहिजे. नुसत्या पुण्यावर तलाव टिकत नाही जी.

---

दुर्बीण | २२ फेब्रुवारी २०२२

झाडीपट्टी, +१. शेवटची ओळ सोडून. स्वार्थ पाहिजे हे खरं, पण कोणाचा स्वार्थ कायदेशीर ठरतो तेही बघा. राजेसाहेबांनी हजारो पाडले ते दगडावर कोरलं गेलं. फासेपारध्याने जाळ्यात चार पाणकोंबड्या धरल्या तर त्याच्या नावाची फाइल तयार. एकाचा छंद आणि दुसऱ्याचा गुन्हा.

---

उसाचा_रस | २२ फेब्रुवारी २०२२

शिरोळ तालुक्यातनं लिहितोय. तुमची गंमत वाटतीया राव. आमच्यात पाणी जात नाही म्हणून बोंब. ऊसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झाली, पांढरी फटक. आता जमिनीखाली सच्छिद्र पायपा घालून पाणी काढतोय, तेव्हा कुठं पुन्हा कोंब दिसतोय. आणि बंडू पाणी आडवायला निघालाय. तुझं पाणी आमच्याकडं धाड नको, आमचंच तुला धाडतो. भाडं तुझं.

---

बर्फाळ_बंडू | २६ फेब्रुवारी २०२२

उसाचा_रस, तुमच्या पाया पडायला हवं.

तुमची पोस्ट वाचून शनिवारी म्हाताऱ्याकडे गेलो आणि विचारलं, तिथे जमिनीखाली पाइप आहे का? तो म्हणाला, "टाइल? असणारच. इथे सगळ्या शेतांत आहे." शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी ओली जमीन कोरडी करायला भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. एकेक फूट लांबीची नळी, एकीला एक टेकवून ठेवलेली, सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि नाल्याला जातं. चित्र बघितलं तर औरंगाबादच्या नहरीचे खापरी नळ आठवले. फरक एवढाच की ते पाणी आणायला होते आणि हे घालवायला.

म्हणजे ती सहा एकर जागा मुळात तळंच होती. कोणीतरी माझ्यासारख्यानेच ते रिकामं केलं.

---

टिकाव_फावडं | २६ फेब्रुवारी २०२२

मग खणतोस कशाला? नळी फोड. खालच्या अंगाला पन्नासेक फूट उकरून काढ, चर चिकणमातीने ठोकून भर, वर बुटका बांध. बांधाला झडप ठेव, फळ्या घालायची-काढायची असते तसली. लाख डॉलरचं काम दहा हजारांत होईल.

---

गोठलेला_मावळा | २६ फेब्रुवारी २०२२

काकांना दंडवत. इथे हेच करतात. फक्त तीन गोष्टी जोडतो.

एक, नळी फोडल्यावर शेजाऱ्याच्या शेतात पाणी तुंबता कामा नये. वरच्या शेतातली टाइल याच नळीला जोडलेली असेल तर तिला वेगळी, बंद पाइपलाइन काढून द्यावी लागते. इथे कोर्टकज्ज्यांना हेच निमित्त पुरतं.

दोन, परवाने. काउंटी, राज्याचा पाणथळ कायदा (१९९१ चा) आणि वेळ आलीच तर फेडरल, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. गंमत अशी की जिवंत दलदलीत खोल खड्डा मारणं हे पाणथळीचं नुकसानच धरलं जातं. लोकांना वाटतं खड्डा मारला, पाणी दिसलं, बदकांचं भलं झालं. त्यामानाने मेलेली पाणथळ जिवंत करायला सगळे मदत करतात, पैसेही मिळू शकतात.

तीन, मस्करॅट. उंदराचा थोरला भाऊ, बांधात बीळ करतो. बांधाचे उतार चांगले पसरट ठेवा, अंगावर आल्यासारखे उभे नकोत.

झडपेबद्दल काकांनी लाखमोलाचं सांगितलं. तळं दर काही वर्षांनी उन्हाळ्यात मुद्दाम आटवायचं. उघड्या चिखलात स्मार्टवीड, रानसावा असलं बियाळ गवत उगवतं. शरदात पुन्हा पाणी भरलं की ती बदकांची दिवाळी. कायम भरलेलं तळं दिसायला छान, खायला काही नाही.

---

अवनी_२३ | २७ फेब्रुवारी २०२२

आणि मग त्या दिवाळीत फटाके तुम्ही वाजवणार.

---

गोठलेला_मावळा | २७ फेब्रुवारी २०२२

वाजवणार. मोजून. दिवसाला सहा बदकं, त्यातही माद्या किती ते ठरलेलं. बंदुकीत तीनच काडतुसं. सूर्यास्तानंतर बंद. दाणे पसरून बोलावणं गुन्हा, आमिष पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस तिथे बंदूक चालवता येत नाही. शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद, कारण बदकं चिखलातले छर्रे खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. हे पाळणारे सगळे संत नाहीत, मी नियम सांगतोय.

आणि एक सांगतो, तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा मोठा हिशेब निघाला. १९७० पासून जवळपास तीनशे कोटी पक्षी कमी झाले. माळावरचे सगळ्यात जास्त. उलट बदकं आणि गूज वाढले. माळावरच्या चिमण्यांना कोणी मारत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी जमीनही विकत घेत नाही. मला स्वतःला हे आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

---

अवनी_२३ | २७ फेब्रुवारी २०२२

हे मात्र माहीत नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. पण चिमण्यांचं वाचून वाईट वाटलं.

डक स्टॅम्प शिकार न करणाऱ्याला मिळतो का?

---

गोठलेला_मावळा | २७ फेब्रुवारी २०२२

पोस्टात मिळतो. कोणीही घ्यावा. माझी बायको घेते, तिने आजवर ढेकूणही मारलेला नाही. सरकारी अभयारण्यात जिथे प्रवेश फी असते तिथे तो दाखवला की फुकट सोडतात.

---

नवा_गडी | २८ फेब्रुवारी २०२२

नमस्कार, मी इथे नवीन. आमच्या गावात (तालुका करमाळा) गायरान आहे, तिथे असंच पक्ष्यांसाठी तळं करायचंय. शिकार वगैरे नाही. शेततळ्याच्या योजनेत बसेल का?

---

टिकाव_फावडं | २८ फेब्रुवारी २०२२

बाळा, शेततळं हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत. गायरान सरकारची, ग्रामपंचायतीकडे सांभाळायला असते. आधी ग्रामसभेचा ठराव, मग तहसीलमार्फत वर जिल्हाधिकाऱ्याकडे. आणि २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल वाच, गावच्या सामाईक जमिनी आणि तळ्यांवरची अतिक्रमणं काढा असा. ठरावाला जोडायला उपयोगी पडतो.

पण सर्वात आधी गावात जुनं गावतळं किंवा बुजलेला पाझर तलाव आहे का बघ. असणारच. त्याचा गाळ काढ, गाळ शेतकरी स्वतः ट्रॅक्टर लावून नेतील. नवीन खणू नको. गाळ काढताना जेसीबीवाल्याला ताटाची कड करायला सांग, बादलीची नको.

---

दुर्बीण | २८ फेब्रुवारी २०२२

ताट आणि बादली, वा काका. हेच मी दहा वर्षं लोकांना सांगतोय, इतकं सोपं सुचलं नाही.

आणि कृपा करून प्लॅस्टिकचा कागद नको. कागदाच्या शेततळ्यावर एक पक्षी चरताना दाखवा. ससे, कोल्हे पाणी प्यायला जातात, घसरतात आणि वर येता येत नाही. माणसांची पोरंही गेलीत तशी.

नांदूर मधमेश्वरही असंच. गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा, ब्रिटिशांनी कालव्याला पाणी द्यायला बांधला. मागे गाळ साठत गेला. सिंचनवाल्यांच्या दृष्टीने तो तोटा, पण गाळामुळे पाणी उथळ झालं आणि बदकांचं ताट वाढलं गेलं. महाराष्ट्राची पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ ती, २०२० मध्ये जाहीर झाली. एका दिवसात मला तिथे हळदी-कुंकू, तलवार, थापट्या, गढवाल, अडई आणि हजारो वारकरी दिसलेत.

---

चिमटा | २८ फेब्रुवारी २०२२

हजारो वारकरी? निफाडला? पालखी रस्ता चुकली का?

---

दुर्बीण | २८ फेब्रुवारी २०२२

पक्षी हो! काळा, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखा. कूट. चांदवाही म्हणतात. मेळ्याने हिंडतो म्हणून वारकरी.

---

बर्फाळ_बंडू | २८ फेब्रुवारी २०२२

आमच्याकडे आहे हा! अमेरिकन भाऊ असणार त्याचा. शिकारी त्याला मड हेन म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. चव चिखलासारखी लागते म्हणे. मारायला परवानगी आहे, पण काडतूस कोणी वाया घालवत नाही.

---

मास्तरीण | १ मार्च २०२२

वारकऱ्याला अमेरिकेतही अभय. बंडूभाऊ, तुम्हाला कौल मिळाला की हो.

---

बर्फाळ_बंडू | २० नोव्हेंबर २०२२

धागा वर काढतोय, कारण काम झालं. लेव्हल मीच धरली.

उन्हाळाभर कागदपत्रं झाली. चार खड्डे घेतले, तिनांत चिकणमाती, एकात वाळूची जीभ निघाली, म्हणून बांध चाळीस फूट पुढे सरकवला. काकांची सुपारी फुटली नाही. नळी साडेतीन फुटांवर सापडली, लालभडक, शंभर वर्षांनीही शाबूत. म्हाताऱ्याने एक तुकडा घरी नेऊन फुलदाणी केली. वरच्या शेताला वेगळी पाइप दिली. बांध अडीच फुटांचा, उतार पसरट, झडप फळ्यांची. माझ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने ड्रॉइंग बघून विचारलं, "हे तळं कुठे सुरू होतं?" मला फार बरं वाटलं.

भांडणं झाली ती वेगळ्याच गोष्टीवरून. टोळक्यातल्या दोघांना तिथे कायमचा आडोसा बांधून हवा होता, म्हणजे पहिल्या दिवशी त्यांची जागा पक्की. काउंटीने सांगितलं, जमीन सार्वजनिक, पहाटे जो आधी येईल त्याची जागा. एक जण चिडून म्हणाला, खपायचं आम्ही आणि बसणार भलताच. मी त्यांना एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याबद्दल सांगितलं. त्यांना गंमत वाटली नाही.

मी एकच अट घातली होती. पूर्वेकडचा दीड एकराचा कोपरा शिकारीला बंद. माझं मन राखायला नव्हे, मावळ्याने फोनवर सांगितलं म्हणून. रोज बंदूक वाजली की बदकं ती जागाच सोडतात, त्यांना बसायला एक कोपरा लागतो. म्हातारा लगेच हो म्हणाला. बाकीच्यांना दोन बैठका लागल्या.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू मारणार आहेस का?" नाही म्हटलं. "मग खाणार आहेस का?" नाही म्हटलं. तर म्हणाली, "मग थंडीचं कानाला काहीतरी बांधून जात जा."

तळं अजून कोरडं आहे. यंदा पाऊसच नाही इकडे.

---

अवनी_२३ | २१ नोव्हेंबर २०२२

दीड एकर का? तीन का नाही?

---

बर्फाळ_बंडू | २१ नोव्हेंबर २०२२

तीनच मागितलं होतं.

---

नवा_गडी | ९ जानेवारी २०२३

आमचा ठराव झाला. फाइल तहसीलला आहे. विचारलं की "साहेब दौऱ्यावर" म्हणतात. पाझर तलाव सापडला, काका. बाभळी तोडल्यावर दिसला. ७३ साल कोरलेला दगडपण आहे सांडव्याला.

---

टिकाव_फावडं | ९ जानेवारी २०२३

दगडाचा फोटो टाक. शक्य झालं तर सांडव्याचाही. आणि भिंतीवरच्या मोठ्या बाभळी मुळासकट उपटू नको, मुळाच्या जागी भोक पडतं. बुंध्यापासून काप.

---

बर्फाळ_बंडू | २३ एप्रिल २०२३

यंदा हिवाळाभर बर्फच बर्फ. मागच्या आठवड्यात वितळायला लागलं. काल सकाळी म्हातारा दारावर, "चल." गेलो. सहाच्या सहा एकर पाणी, मधूनमधून मागच्या वर्षीचं गवत वर आलेलं. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मध्यापर्यंत चालत गेलो, बूट बुडाले नाहीत.

म्हातारा दुर्बीण लावून मॅलार्ड शोधत होता. एकही नव्हता. टीलची एक जोडी लांब कोपऱ्यात, बंद कोपऱ्यातच. आणि मधोमध काळे पक्षी, मान पुढेमागे करत चाललेले, कपाळाला पांढरं. म्हाताऱ्याने दुर्बीण खाली केली, म्हणाला, "मड हेन. इतके कष्ट करून मड हेन."

मी मोजले. सतरा होते. आईला व्हिडिओ पाठवलाय.

---

चिमटा | २३ एप्रिल २०२३

माउली माउली!

---

उसाचा_रस | २४ एप्रिल २०२३

ते सगळं झॅक. पर बंडू, ती मातीची नळी व्यासाला किती होती ते सांगितलंच नाहीस. आन शंभर वर्सात गाळानं चोंदली कशी नाही? आमच्या पायपा चार वर्सात चोंदल्यात.